गवयाने सोडलेली जागा

फार पूर्वी, म्हणजे तुमच्या पणजोबांनाही जो काळ ऐकूनच माहीत होता त्या काळी, एका गावात भानू नावाचा गवई राहत होता. जत्रेत पारावर बसून तो स्वतः रचलेली गाणी म्हणायचा. लोकांना ती आवडायची.

त्या गावाचा एक रिवाज होता. गाणं नाही आवडलं तर कोणी ओरडायचं नाही, मुकाट्याने पाठ फिरवून बसायचं. ज्याच्याकडे सगळ्यांनी पाठ केली, त्याने पुन्हा त्या पारावर चढायचं नाही. लहान मुलांनाही हे ठाऊक होतं.

एके वर्षी सिदोबा नावाचा खेळवाला आला. तो पडद्यावर कातडी बाहुल्यांच्या सावल्या नाचवायचा. "गवईबुवा, माझ्या खेळाला साथ द्या," तो म्हणाला. "खेळ राजवाड्यापर्यंत नेऊ." भानू गेला.

पहिल्याच खेळात त्याने लांबलचक तान घेतली. राणीची बाहुली रडत होती, तिचं बोलणं कोणाला ऐकूच गेलं नाही. सिदोबा म्हणाला, "बुवा, लोक तिच्यासाठी आलेत. ती बोलली की तुम्ही गप्प." भानूला मिरच्या झोंबल्या, पण म्हणणं खरं होतं. तो थांबायला शिकला. पुढे राजवाड्यातही खेळ गाजला. लोक बाहुल्यांचं कौतुक करत. पडद्यामागे कोण गातं, हे कोणी विचारत नसे. भानूला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

केस पिकले तसं त्याला आपल्या गाण्यांवाचून करमेना. सिदोबाचा निरोप घेऊन तो गावी आला.

"अहो, लोकांनी पाठ फिरवली तर?" बायको रुक्माने विचारलं.

"तर उरलेलं आयुष्य गप्प बसेन. पण एकदा गाऊन बघतो."

जत्रेत तो पारावर बसला. एक ओळ गायला आणि थांबला. सवयच तशी लागलेली: ओळ झाली की बाहुली बोलणार, आपण थांबायचं. पण इथे कुठली आलीय बाहुली? लोक एकमेकांकडे बघू लागले. तो पुढची ओळ गायला आणि पुन्हा थांबला.

"म्हातारा गाणं विसरला," कोणीतरी पुटपुटलं. मागची रांग पाठ फिरवून बसली. मग तिच्या पुढची. भानूला चूक कळत होती, पण जन्माची सवय अशी ऐन वेळी सुटते होय?

समोरच गिरजा कुंभारीण बसली होती. तिला ती रिकामी जागा सोसेना. भानू थांबला तशी तिने त्याचीच ओळ उचलून म्हटली. पुढच्या वेळी तिच्या सुनाही म्हणू लागल्या. पाठमोरे लोक मान वळवून बघू लागले, मग पुरतेच वळून बसले. शेवटच्या कडव्याला अख्खी जत्रा गात होती.

भानूच्या डोळ्यांना धार लागली. गिरजा म्हणाली, "बुवा, तुम्ही दमत होतात, म्हणून म्हटलं हो आम्ही."

"मग पुढच्या वर्षीही दमेन," भानू म्हणाला.

तेव्हापासून त्या गावात एक ओळ गवई म्हणतो आणि तीच ओळ मागून गाव म्हणतं. पाठ फिरवायचा रिवाज मात्र कधी मोडला ते कोणालाच आठवत नाही.

तात्पर्य: जो आपल्या गाण्यात दुसऱ्यासाठी जागा ठेवतो, त्याचं गाणं सगळ्यांचं होतं.