राजाच्या त्रिकोणाची तिसरी बाजू

“उद्या दुपारपर्यंत उत्तर आलं नाही, तर पंतोजींच्या मिशा भादरा आणि त्यांना बिगरीत बसवा!”

भोपळगडच्या गजबाहू महाराजांनी असा हुकूम सोडला. महाराजांना वाटे, आपण मोठे गणिती. दर गुरुवारी ते स्वतः शाळेला गृहपाठ घालत. या गुरुवारचं गणित असं: ‘त्रिकोणाच्या बाजू तीन हात, चार हात आणि आठ हात. क्षेत्रफळ काढा.’

पोरांनी पाट्या फोडल्या, पंतोजींनी डोकं फोडून घेतलं. दरबारातल्या पंडितांनाही विचारलं. एक म्हणाला बारा, दुसरा म्हणाला छत्तीस, तिसऱ्यानं उपास धरला. घोळ कुठे आहे ते पंतोजींना कळलं होतं, पण “महाराज, तुमचं चुकलं” असं म्हटलं तर मिशांऐवजी मानच जायची!

दुसऱ्या दिवशी दुपारी दरबारात महाराजांसमोर न्हावी वस्तरा परजत बसला. तेवढ्यात टोपल्या विणणारी ठकी राजवाड्यात सुपं द्यायला आली. पंतोजींचा रडवेला चेहरा पाहून तिनं गणित ऐकून घेतलं.

“एवढंच? महाराज, मी काढते उत्तर!”

“तू? अगं, शाळेचं तोंड तरी पाहिलंस का?”

“नाही महाराज. म्हणून तर डोकं शाबूत आहे!”

तिनं बांबूच्या तीन कामट्या काढल्या. “महाराज, आम्ही विणायच्या आधी कामट्या जुळवून बघतो. हात मात्र तुमचाच हवा, मापात खोट नको.”

महाराजांनी स्वतःच्या हातानं मोजून कामट्या तोडल्या. ठकीनं आठ हातांची कामटी जमिनीवर ठेवली. तिच्या एका टोकाला तीन हातांची बांधली, दुसऱ्या टोकाला चार हातांची.

“आता मोकळी टोकं जुळवा. झाला त्रिकोण!”

एक टोक महाराजांनी धरलं, दुसरं प्रधानजींनी. टोकं काही भेटेनात. दोघं वाकले, मग बसले, शेवटी जमिनीवर पालथे पडले. दोन्ही कामट्या लांब कामटीवर आडव्या झाल्या, तरी मध्ये हातभर फट!

“ओढा प्रधानजी!” महाराज ओरडले.

“ओढतोय महाराज! माझं धोतर सुटलं, पण फट मिटेना!”

महाराज धूळ झटकत उठले. “म्हणजे ठके, माझं गणित चुकलं म्हणतेस?”

“छे छे! राजाचं गणित चुकेल कसं? हा त्रिकोणच बंडखोर! हुकूम होऊन दिवस उलटला, तरी जुळायला तयार नाही. भादरा त्याच्या मिशा!”

महाराज आधी लाल झाले, मग फुगले आणि मग असे हसले की मुकुट घरंगळत न्हाव्याच्या मांडीवर जाऊन पडला!

पंतोजी मिशांसकट सुटले. पोरांना आठवडाभर सुट्टी. ठकीला अंगावरचा शेला, दुभती म्हैस आणि वर एक काम: महाराजांचं प्रत्येक गणित शाळेत जाण्याआधी तिनं कामट्यांवर बघायचं.

पहिल्याच गुरुवारी तिनं सहापैकी पाच परत पाठवली!