इनासचा बिनदुधाचा पाव

२३ डिसेंबर. पहाटे दाट धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन, उत्तरेचा गार वारा.

वसईकडच्या एका गावात इनास नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती? तर बायको बाजाराला जाताना "जरा दाराकडे बघा" म्हणाली, की ती परत येईपर्यंत हा दाराकडे बघत बसायचा. मागच्या खिडकीतून मांजर मासे घेऊन गेली तरी मान वळवायचा नाही.

बायकोचं नाव रेमेत. यंदाच्या नाताळाला तिने नातीला शब्द दिला होता. नात एलिटा सहा वर्षांची. तिला दूध चालत नसे. लोणी, तूप, काहीच नाही. दरवर्षी सगळी पोरं नाताळचा गोड पाव खायची आणि ही नुसती बघत बसायची.

"यंदा तुझा पाव मी करणार," रेमेतने फोनवर सांगितलं होतं. "दूध नाही, लोणी नाही. नारळाचा रस घालून. अख्खा तुझा!"

तेव्हापासून एलिटाला दुसरं काही सुचत नव्हतं.

जावयाने मस्कतहून पावाचं मशीन पाठवलं होतं. सामान टाकायचं, बटण दाबायचं. मळणं, फुगवणं, भाजणं त्याचं ते करतं. पण रेमेतला चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला जायचं होतं, गव्हाणीही सजवायची होती.

"अहो, ओट्यावर सामान काढून ठेवलंय. ते सगळं मशीनमध्ये टाका आणि बटण दाबा. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

इनासने सगळं टाकलं. मैदा पिशवीसकट, यीस्ट पुडीसकट, मनुका पाकिटासकट. तेलाची बाटली काही केल्या मावेना. रेमेत परत आली तेव्हा मशीन घरघरत होतं आणि इनास ओट्यावर चढून झाकणावर बसला होता.

"पिशव्या कशाला टाकल्यात हो?"

"सगळं टाका म्हणालीस."

रेमेतने कपाळाला हात लावला. "वरचं असतं ते फेकून द्यायचं. आतलं तेवढं घ्यायचं. कळलं?"

"मग तसं आधी सांगावं की!"

दुपारी रेमेत पुन्हा गेली. इनासने पिशव्या फेकल्या, मैदा घेतला. पुडी फेकली, यीस्ट घेतलं. मग खजूर हातात घेतले. चांगले मऊ, काळेभोर होते. एकेक उकलून त्याने वरचं परसात फेकलं आणि आतलं स्वच्छ धुऊन मशीनमध्ये टाकलं.

पाव झाला. रेमेतने कडेचा एक घास घेतला. कट्‌कन आवाज झाला आणि ती गाल धरून खाली बसली.

"अहो, या बिया आहेत!"

"आतल्या आहेत. वरचं सगळं फेकलं. अगदी एकसुद्धा ठेवलं नाही."

"देवा माझ्या! टणक काही हाताला लागलं की आधी बाहेर काढायचं. मग पुढचं काम."

"मग तसं आधी सांगावं की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खजुरातल्या बिया काढल्या. मग मशीनच्या भांड्यात हात फिरवून पाहिला. तळाशी एक लोखंडी पाती होती. त्याने ती उपसली, दाताखाली धरून पाहिली. खजुराच्या बीपेक्षाही टणक. त्याने ती परसात फेकली.

मशीन दुपारपर्यंत घुमलं. झाकण उघडलं तर मैदा, रस, मनुका, खजूर, जसं टाकलं तसंच होतं. फक्त गरम.

"पाती कुठाय?" रेमेत ओरडली. "पीठ ती मळते हो!"

"सगळ्यात टणक तीच निघाली."

रेमेतने परसात शोधून पाती आणली, धुतली, जागेवर बसवली. मैदा एका पावापुरताच उरला होता आणि उद्या सकाळी पोरगी येणार होती. तिने इनासचे दोन्ही हात धरले.

"मशीनच्या आत असेल ते आतच राहू द्या. काही म्हणजे काही बाहेर काढू नका. तुम्हाला माझी शपथ."

"मग तसं आधी..."

"सांगितलं ना आता!"

संध्याकाळी घरभर घमघमाट सुटला. मशीन टीं टीं वाजलं. शेजारचा पास्कू वासावर आत आला.

"अरे इनास, पाव झाला. काढ बाहेर."

"काढायचा नाही. शपथ आहे."

"जळेल रे!"

"जळो. शपथ मोडली तर रेमेत मरेल."

दोघांची ओढाताण चालू असतानाच रेमेत आली. तिने दोघांनाही बाजूला सारलं आणि भांडं उपडं केलं. पाव निघाला. तांबूस, टम्म फुगलेला, मऊ. रेमेतने कपाळा-छातीवर क्रूसाची खूण केली.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये मिस्साला गायला निघताना तिने पाव इनासच्या हाती दिला.

"पाहुणे येतील, सगळ्यांचा डोळा याच्यावर असेल. पण दुधाला तोंड लावणाऱ्याला यातला कणसुद्धा द्यायचा नाही. ज्याने जन्मात दूध घेतलं नाही, त्याचाच हा पाव."

"मग मला?"

"तुम्ही आत्ताच चहा घेतलात."

"खरंच की."

थोड्या वेळाने एलिटा धावत आली. तिची आई मार्था मागून सामान घेऊन येत होती.

"आजोबा, माझा पाव!"

"थांब. तू कधी दूध प्यालीस का?"

"एकदाच. अगदी छोटी होते तेव्हा. माझं तोंड एवढं फुगलं!"

"म्हणजे प्यालीस."

"पण फुगलं ना, आजोबा!"

"प्याल्याशिवाय कसं फुगेल?"

एलिटा पायरीवर बसून रडू लागली. इनासलाही वाईट वाटलं. पण मार्थाला विचारायचा प्रश्नच नव्हता, तिला लहानपणी त्यानेच वाटीने दूध पाजलं होतं. तेवढ्यात पास्कू कुंपणापाशी आला.

"मी कोराच चहा पितो. मला दे."

"आणि लहानपणी आईचं?"

पास्कू डोकं खाजवत माघारी फिरला.

इनास पाव काखेत मारून निघाला. घरोघरी विचारलं. सगळीकडे तेच उत्तर.

मिस्सा सुटली. रेमेत लगबगीने घरी आली. एलिटा पायरीवर रडत होती, मार्था तिची समजूत घालत होती, आणि इनास मोकळ्या हातांनी फाटकातून आत येत होता.

"पाव कुठाय?"

"दिला."

"एलिटाला?"

"ती कशी चालेल? ती प्यालेली निघाली. अख्खा गाव प्यालेला निघाला. शेवटी सापडले एकदाचे. जन्मात थेंब घेतलेला नाही. थेट अंड्यातून निघालेत. पास्कूला विचारून खात्री करून घेतली."

त्याने घरामागच्या तळ्याकडे बोट दाखवलं.

तळ्यात पास्कूची बदकं पोहत होती. पाव संपला होता. काठावर तीन मनुका उरल्या होत्या. त्या एलिटाने धुऊन खाल्ल्या.