पेजवाडीच्या शाळेची चौथी भिंत

आमच्या पेजवाडीच्या शाळेला तीनच भिंती आहेत. वहाळाच्या बाजूला नुसता बुटका कठडा, त्यापलीकडे वाहतं पाणी. पाहुणे विचारतात, भिंत पडली का हो? पडली नाही, पाडली. माझं घर शाळेला लागून, त्यामुळे सांगायचं काम माझ्याकडेच येतं. मी सासूबाईंकडून ऐकलं, त्यांनी त्यांच्या सासूबाईंकडून.

फार मागे इथे मोघे गुरुजी होते. माणूस सज्जन, पण शिस्तीचा भारी. तेव्हा या बाजूला भिंत होती आणि तिला मोठी खिडकी. पोरं धडा सोडून वहाळावरचा खंड्या बघत बसायची. शेवटी गुरुजींनी चिरे लावून खिडकी बुजवली. "आता बघा कुठं बघता ते," म्हणाले म्हणे.

त्यांची एकुलती एक शेवंती त्याच वर्गात होती. घर वहाळापलीकडे, जाणं-येणं पाण्यातल्या दगडांवरून.

एका दुपारी इथं लख्ख ऊन होतं. पाऊस लागला होता वर डोंगरात. पाणी तांबडं झालं, पाचोळा वाहू लागला. पलीकडच्या काठावरून गुरुजींची बायको आवडाबाई ओरडत होती, पोरांना सोडू नका. आत मोठ्यानं पाढे चालले होते. शाळा सुटली. शेवंती नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे धावली. आई दोन्ही हात हलवत होती. पाण्याच्या आवाजात शब्द कळेना. आई बोलावतेय असंच तिला वाटलं असणार, असं सांगतात. ती दगडांवर असतानाच लोंढा आला.

खाडीपर्यंत शोधलं. सापडली नाही.

शेवंतीचं दिवसकार्य झाल्यावर गुरुजी पहार घेऊन आले आणि भिंत पाडायला लागले. कोणाला हात लावू दिला नाही. गावचे खोत म्हणाले, "गुरुजी, खिडकी मोकळी केलीत तरी पुरे. पावसात पोरं भिजतील."

"भिजलेली पोरं वाळतात," गुरुजी म्हणाले आणि पहार चालवत राहिले.

मग शाळा निराळीच झाली. नव्या पोराला आधी पाटी नाही. वहाळासमोर बसायचं आणि काय दिसलं ते सांगायचं: पाण्याचा रंग, वारा, मुंग्यांची धावपळ. गुरुजींनाही त्यातलं फारसं येत नव्हतं. पोरांच्या मागे हिंडत तेही शिकले. पाणी बदललं की धडा अर्ध्यावर थांबायचा, आणि पलीकडची पोरं कठड्याशी येऊन हाक मारायची, "आई, आम्ही इथंच आहोत." पलीकडून आया ओ द्यायच्या. आवडाबाईला हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. तरी ती सगळ्यांच्या आधी काठावर येऊन ओ द्यायची म्हणे, मरेपर्यंत.

आजही वहाळ तांबडा झाला की पोरं हाक मारतात आणि पाणी उतरेपर्यंत आमच्याकडे राहतात. पलीकडच्या बायकांना मी खोदून खोदून विचारलंय. त्या सांगतात, आम्ही तोंड उघडायच्या आधीच कुणाची तरी ओ गेलेली असते.