चौदा ओळी

एकदा एका वृद्ध गुरुजींकडे त्यांचा शिष्य निरोप घ्यायला आला. गुरुजींनी फार वर्षांपूर्वी गावोगावच्या वाचनालयांसाठी एक संगणकप्रणाली रचली होती. ती मोफत होती आणि तिचा कोड सर्वांना खुला होता. कोणीही तो वाचावा, सुधारावा आणि दुरुस्ती आपल्या नावाने पाठवावी. म्हातारपणी त्यांनी तिचा सांभाळ या शिष्याकडे, वल्लभकडे, सोपवला होता.

वल्लभ मोठा कुशल आणि तितकाच कष्टाळू. सकाळी आलेली तक्रार तो दुपारच्या आत निकाली काढी. कोणी दुरुस्ती पाठवलीच, तर आभार मानून तीच गोष्ट स्वतः नव्याने, अधिक नेटकी लिहून काढी. सात वर्षे त्याने असा जीव ओतला, आणि प्रणालीच्या संकेतस्थळावरची एके काळी गजबजलेली चर्चेची जागा ओस पडली. दुरुस्त्यांच्या गेल्या वर्षभराच्या नोंदींत त्याच्याखेरीज एकही नाव नव्हते.

“लोकांना फुकट हवंय गुरुजी, हात लावायला मात्र कोणी नाही,” तो म्हणाला. “मी थकलो. बंद करू या हे.”

“तीनशे वाचनालयं यावर चालतात रे,” गुरुजी म्हणाले. “आज काय तक्रार आलीय?”

सभासदाच्या कार्डावर लांब आडनाव तुटत होते, एवढीच तक्रार होती.

“दहा मिनिटांचं काम. जाता जाता करून टाकतो.”

“हात लावायचा नाही!” गुरुजींनी तक्रारीखाली स्वतः लिहिले, ‘हे काम नवख्यासाठी राखून ठेवले आहे. कुठे पाहायचे ते सांगतो.’ आणि खरोखरच सगळी वाट समजावून लिहिली.

वल्लभला त्यांनी ठेवून घेतले. अकरा दिवस कोणी फिरकले नाही. वल्लभची नुसती तगमग झाली. बाराव्या दिवशी हिंगोलीकडच्या एका वाचनालयातल्या प्रमिलाबाई गवळे यांनी दुरुस्ती पाठवली. एका ओळीच्या कामाला त्यांनी सहा ओळी खर्चल्या होत्या. वल्लभची बोटे शिवशिवली.

“चालते का?” गुरुजींनी विचारले.

“चालते, पण...”

“मग घे. आहे तशी, त्यांच्या नावासकट.”

“आणि दर्जाचं काय?” वल्लभ चिडला.

गुरुजींनी एक जुनी फाइल उघडली. परत आलेल्या पुस्तकाची तारीख नोंदवणाऱ्या चौदा ओळी होत्या त्या.

“हे कोणी लिहिलंय?” वल्लभच्या कपाळाला आठ्या पडल्या. “दोन ओळींत झालं असतं!”

“नाव वाच.”

नाव त्याचेच होते, एकोणीस वर्षांपूर्वीचे, कॉलेजातल्या दिवसांतले.

“दोन ओळींत मलाही लिहिता येत होतं,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “पण मग तू परत आला नसतास. पंगतीत जेवलेला माणूस हात धुऊन घरी जातो; वाढणारा भांडी आवरेपर्यंत थांबतो. तू सात वर्षं सगळ्यांना जेवू घातलंस, पण वाढायला कोणाला उठूच दिलं नाहीस.”

वल्लभला स्वतःची फार लाज वाटली. त्याने त्या सहा ओळी आहेत तशा स्वीकारल्या.

पुढच्याच आठवड्यात प्रमिलाबाई आणखी दोघींना घेऊन चर्चेत आल्या. वर्ष सरताना नोंदींत सव्वीस नावे होती. त्यातल्याच एका नवख्याने एके दिवशी भीत भीत विचारले, “सर, तारखेच्या त्या चौदा ओळी दोनांत बसतील. मी करू का?”

वल्लभने त्या ओळींकडे क्षणभर पाहिले. मग त्याने लिहिले, “जरूर करा. आणि खाली तुमचं नाव घालायला विसरू नका.”