घागरीएवढा नारळ आणि खारीचा पंजा

जंगल संपून जिथे समुद्र सुरू होतो, अशा एका उंच कड्यावर एक कोल्हा राहत असे. कड्याखाली समुद्र इतका खोल होता, की त्याचा तळ कोणत्याच पक्ष्याने पाहिला नव्हता. एकदा दूरच्या बेटावरून वाहत आलेला, घागरीएवढा वाळका नारळ कोल्ह्याला सापडला. तो त्याने पोखरला, काचेसारखा पातळ शिंपला खिडकी म्हणून राळेने चिकटवला, खाली धोंडा बांधला, वर काथ्याचा दोर. मग जंगलभर ओरडत फिरला, "चला, समुद्राच्या पोटातले दिवे बघायला चला!" आत तीन उड्या मारल्या की दोर हलणार आणि कोल्हा वर ओढणार, असे ठरलेले. उंदीर गेले, बेडूक गेले, सगळे डोळे विस्फारून परत आले. त्या बदल्यात कोल्ह्याला मासे आणि फणसाचे गरे घरबसल्या मिळू लागले. मात्र उतरण्याआधी प्रत्येकाने पळसाच्या पानावर चिखलाचा पंजा उमटवायचा. 'समुद्र धोक्याचा आहे हे मला ठाऊक आहे, काही झाले तर कोल्हा जबाबदार नाही,' असा त्याचा अर्थ! लबाड तो लबाडच.

एके सकाळी किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या कासवाने त्या नारळावर टकटक करून पाहिले. "कोल्ह्या, आवाज बद्द येतोय. भेग पडलीय याला."

"कासवदादा, शंभर वेळा खाली गेला आणि सुखरूप वर आला तो!" कोल्हा हसला. "जन्मभर घर पाठीवर घेऊन फिरलात, तुम्हाला साहस काय कळणार?"

"शंभर वेळा गेला म्हणजे शंभर वेळा दाबला गेला, बाबा," कासव म्हणाले आणि पुटपुटत पाण्यात निघून गेले. ते गेल्यावर कोल्ह्याने काय केले असेल? भेगेवर राळ थापली आणि वरून माती चोळली.

त्याच दुपारी एक खार आली. समुद्रातले दिवे पाहायचे, हा ध्यास तिने कितीतरी दिवस घेतला होता. "कोल्हेदादा, नारळ धड आहे ना हो?" तिने विचारले. "अगं खारूताई, दगड आहे दगड! उमटव पंजा," कोल्हा म्हणाला. भोळी बिचारी! तिने पंजा उमटवला.

नारळ खाली निघाला. पाणी आधी हिरवे होते, मग निळे झाले आणि मग असा काळोख झाला, की खारीला स्वतःचे शेपूट दिसेना. आणि अहाहा, मुलांनो, तेवढ्यात दिवे लागले! कपाळावर दिवा घेतलेला एक मासा खिडकीशी आला. त्याच्यामागून निळ्या ठिपक्यांची रांग आली. बघता बघता पावसाच्या तोंडावर काजव्यांनी झाड भरून जावे, तसा सगळा समुद्र लुकलुकू लागला. त्या उजेडात डोंगर सरकावा तसा एक देवमासा शांतपणे निघून गेला. खारीच्या डोळ्यांत पाणी आले. "इथे तर माझा जन्म व्हायच्या आधीपासून दिवे लागलेत," ती म्हणाली.

तेवढ्यात 'टक्' असा आवाज झाला. भेगेतून पाण्याची बारीक धार सुटली. खारीने तीन उड्या मारल्या, मग तीस मारल्या. पण दोर धरायला वर होते कोण? कोल्हा दोर खडकाला गुंडाळून सावलीत फणस खात बसला होता. पाणी खारीच्या गळ्याशी आले. उजव्या कानात काहीतरी फाटल्यासारखे झाले. पण समुद्रात आवाज फार लांब जातो. देवमाशाने तो 'टक्' ऐकला होता. तो परत फिरला, नारळ डोक्यावर घेतला आणि खारीला किनाऱ्यावर आणून सोडले.

सगळे प्राणी जमले. कोल्ह्याने पान नाचवले. "हा बघा तिचा पंजा! समुद्राच्या मनात आलं, त्याला मी काय करू?"

खार मान तिरकी करून उभी होती. उजव्या कानाने तिला आता ऐकू येत नव्हते. "समुद्राला नावं ठेवू नका," ती म्हणाली. "तो आहे तसाच होता. त्याच्यासारखं सुंदर मी काही पाहिलं नाही."

"मी भेग दाखवली होती," कासव म्हणाले. "फक्त कोल्ह्यालाच सांगून गप्प बसलो, ही माझी चूक झाली."

"कसली भेग? खोटं आहे! नारळ ठणठणीत होता!" कोल्हा ओरडला.

तेव्हा पाण्यातून देवमासा बोलला. त्याचा आवाज वाळूतून सगळ्यांच्या पायांना जाणवला. "मग राळ लाव, होता तसा कर आणि ये खाली. मी तुला दिवे दाखवतो. दोर हे सगळे धरतील."

"छे छे! त्यात बसू? मी?" कोल्हा दोन पावले मागे सरला. "महिनाभर आवाज बद्द येतोय त्याचा! मी रोज वाजवून—"

आणि त्याने जीभ चावली.

"खारीनं पंजा समुद्राच्या धोक्याला दिला होता," कासव हळूच म्हणाले, "तू लपवलेल्या भेगेला नाही." त्याने कोल्ह्याकडचे पान घेतले आणि लाटेत सोडून दिले. "तो नारळ फोडून टाक. आणि आजपासून खारीच्या उजव्या बाजूला तू बसायचं. ससाणा आला की तिला ऐकू येणार नाही, तेव्हा तू ओरडायचं. ती जगेल तोवर."

आजही ती खार कड्यावर बसून समुद्र पाहते. तिच्या उजव्या बाजूला कोल्हा बसलेला असतो. आभाळाकडे डोळे लावून, डुलकी न घेता.

तात्पर्य : समोरच्याने धोका पत्करला, म्हणून आपण लपवलेल्या दोषाची जबाबदारी टळत नाही.