भोपळ्याच्या फुलांपुढचे गाणे

फार जुन्या काळी एका डोंगरगावात भोपळे पिकवणारे म्हातारे जोडपे राहत होते. गावाचा अर्धा उन्हाळा त्यांच्या आणि इतरांच्या भोपळ्यांवर निघे.

एका वर्षी वणव्यात रानातली सारी मधाची पोळी जळाली. वेलांवर फुले आली, पण भोपळा काही धरेना. पोरांच्या पानात काय वाढायचे, या काळजीने गाव सुकून गेले.

शेजारी म्हणाला, "जे व्हायचं असेल ते होईल." हे म्हणणे कधीच खोटे ठरणारे नव्हते.

म्हातारा म्हणाला, "मधमाश्या गुणगुणतात, म्हणून फूल जागं होतं. माश्या नाहीत, तर आपण गुणगुणू."

"अहो, गाव हसेल!" म्हातारी म्हणाली. तरी पहाटे तीही मळ्यात आली. दोघांनी वेल वाटून घेतले. तो एकेका फुलात तोंड खुपसून गुणगुणे. तिची कंबर वाकत नसे, म्हणून ती उभ्यानेच गाई.

काही दिवसांत त्याच्या वेलांवर भोपळे धरले. तिच्या वेलांवर एकही नाही.

"तू बेसूर गातेस गं," तो खुशीत म्हणाला.

म्हातारीला हसू आले. पण तिची नजर त्याच्या मिशांवर खिळली. पांढऱ्या मिशा पिवळ्याधमक झाल्या होत्या.

"उद्या माझ्या वेलांवरच्या फुलांत तोंड खुपसा, पण गाऊ नका. तुमच्या वेलांवर दुरूनच गा."

त्याने तसे केले. गाणे ऐकलेली नवी फुले गळाली. न ऐकलेली धरली.

म्हातारा बांधावर जाऊन बसला. जन्मभर तो माश्यांना गवई समजत आला होता.

म्हातारी त्याच्याजवळ टेकली. "फुलातली पिवळी पूड या फुलातून त्या फुलात जायला हवी, एवढंच. गावात वेल शेकडो, अन् मिशा तुमच्या एकट्याच्या. सांगायला नको का?"

"म्हणजे मी चुकलो, असं सांगू?"

"सांगा की. तुम्ही गायला निघाला नसता, तर मला तरी काय दिसलं असतं?"

तो हसला, उठला आणि घरोघर जाऊन स्वतःची चूक आणि पुडीची युक्ती सांगून आला. शेजाऱ्याकडेही गेला. त्या उन्हाळ्यात कुणाचे पोर उपाशी झोपले नाही.

पुढे काही वर्षांनी म्हातारा वारला. म्हातारी दर मोसमात गावच्या मुलींना कोंबडीच्या पिसाने पूड लावायला शिकवी. हे कुणी शोधले, असे एकीने विचारले.

"आमच्या यांनी," ती म्हणाली. "चुकता चुकता."

तात्पर्य: स्पष्ट मांडलेली आणि पडताळून पाहिलेली चूक ज्ञानाला पुढे नेते, कधीच खोटे न ठरणारे मोघम बोलणे जागचे हलत नाही.