फुकटचं सागवान

लग्नाला महिना झाला होता आणि सासरी माझा आवाज अजून कुणी धड ऐकला नव्हता. मामंजी सुतार. चार वर्षं खपून त्यांनी एक जुनी स्टेशन वॅगन उभी केली होती, बाहेरून सागवानी पट्ट्यांनी मढवून. ती विकली की सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं.

गावचे सरकार गाडी बघायला आले. सागवानावरून हात फिरवत म्हणाले, "तातोबा, निम्मे देतो. गाडीचे तेवढे घे. तुझ्या बापानं आमची बग्गी मढवली, तेव्हा लाकडाचे पैसे घेतले होते काय? ते फुकटचंच!"

मामंजींनी मान खाली घातली. सरकारांना नाही म्हणायची त्या घरात रीतच नव्हती.

मी पेटीतला पेचकस उचलला आणि दारावरची पट्टी सोडवायला लागले.

"अहो सूनबाई, हे काय!" सरकार किंचाळलेच.

"फुकटचं आहे ना सरकार? मग राहू दे आमच्याकडंच. गाडी न्या तुम्ही."

पट्टी निघाली, खालचा बोडका पत्रा दिसला आणि सरकारांचा चेहरा उतरला. "लावा, लावा ती परत! लाकडाशिवाय हिच्याकडं बघणार कोण?"

"तेच तर मामंजींना सांगायचं होतं."

सरकारांनी पुरी किंमत दिली. मामंजी मात्र माझ्याकडे असे बघत राहिले, जणू त्यांची वॅगनच बोलली होती.